खर्चाची वही, उचल आणि मारुती कांबळे

मराठीतल्या प्रस्थापित समीक्षकांनी कथा, कविता, कादंबरी, नाटक, ललित असे सगळे वाङ्मयप्रकार तपासून झाले. आमचं आत्मकथन आलं तेव्हा ह्याला वाङ्मय म्हणायचं की नाही यावर त्यांनी परिसंवाद घेतले. पण एक वाङ्मयप्रकार त्यांच्या नजरेतून सुटला. तो दर निवडणुकीला जिल्ह्याजिल्ह्यात लिहिला जातो, सही-शिक्क्यानिशी सरकारदरबारी दाखल होतो, आणि त्यात लिहिलेल्यापेक्षा न लिहिलेलंच जास्त असतं हे लिहिणारा, घेणारा आणि वाचणारा तिघंही जाणून असतात. तो वाङ्मयप्रकार म्हणजे उमेदवाराच्या निवडणूक खर्चाची वही.

ह्या वहीचे नियम कडक आहेत. निकालानंतर 30 दिवसांच्या आत ती जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडं द्यावी लागते. चहा केवढ्याचा, वडापाव केवढ्याचा, खुर्चीचं भाडं किती, जीपचं किती, सगळ्याचे दर ठरलेले. नायक एकच, तो म्हणजे उमेदवार. तो काटकसरी असतो. हजारोंच्या सभा तो हिशेबी चहावर उरकतो. शेवट कायम सुखान्त, म्हणजे खर्च मर्यादेच्या आत. दारू, मटण, पाकिटं, रात्री वस्तीत फिरणाऱ्या गाड्या ही पात्रं ह्या वाङ्मयात येत नाहीत. सदाशिवपेठी कथेत जसा महारवाडा येत नव्हता तसंच.

आमच्या बीड जिल्ह्यानं ह्या वाङ्मयप्रकारात एक मोठी भर घातली आहे. तिची समीक्षा अजून कोणी केली नाही, म्हणून हा प्रपंच.

27 जून 2013. मुंबईत एका पुस्तकाच्या प्रकाशनाला बीडचे तेव्हाचे खासदार गोपीनाथ मुंडे बोलायला उभे राहिले. पूर्वी निवडणूक काही हजारांत व्हायची, 2009 ला मला आठ कोटी लागले, असं ते उघड बोलून गेले. 2009 साली लोकसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा होती 25 लाख. त्यांनी दाखल केलेल्या वहीत आकडा होता 19 लाखांच्या घरात. निवडणूक आयोगानं नोटीस काढली. त्यांनी खुलासा दिला. पुढे आयोगानं समज देऊन प्रकरण मिटवलं.

लोक हसले. वर्तमानपत्रांनी दोन दिवस मथळे केले. पण थांबून बघितलं पाहिजे. वही लिहिली म्हणून कोणी विचारलं नाही; तोंडानं वेगळं बोलल्यावर नोटीस आली. म्हणजे ह्या व्यवस्थेत कागदावरचा आकडा सुखानं नांदतो, आणि मोठ्यानं बोललेल्या आकड्यालाच खुलासा द्यावा लागतो. मुंडेंच्या राजकारणाशी आमचं पटायचं कारण नाही. पण त्या दिवशीचं ते वाक्य आम्ही ह्या वाङ्मयातलं सगळ्यात वास्तववादी वाक्य मानतो. त्यांच्याआधी आणि त्यांच्यानंतर शेकडो जणांनी वह्या लिहिल्या. बोलला एकच.

आता हे आठ कोटी आमच्या मापानं मोजू. आमच्याकडं माप आहे कोयता. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, हे बीड जिल्ह्यात पोराटोरांना ठाऊक आहे. जानेवारी 2024 मध्ये ऊसतोडीचा दर 34 टक्क्यांनी वाढून टनाला सुमारे 366 रुपये झाला. ह्या वाढलेल्या दरानंसुद्धा आठ कोटींचा ऊस तोडायचा म्हटलं तर 2 लाख 18 हजार टन होतो. एक कोयता दिवसाला दोन टन तोडतो असं धरू. एकही खाडा नाही, आजारपण नाही, बाळंतपण नाही, पाऊस नाही. तरी त्या जोडीला जवळपास 300 वर्षं तोडत राहावं लागेल. शिवाजी महाराजांच्या नंतर कधीतरी कोयता हातात घेतला असता तर आत्ता कुठं एका निवडणुकीचा खर्च निघाला असता. आणि ज्या नेत्यानं हा आकडा सांगितला तो ऊसतोड मजुरांचा नेता म्हणून ओळखला जायचा. मजुरांच्या दरवाढीसाठी लवादात बसायचा, आणि परळीला साखर कारखानाही त्यानंच काढला होता. एकाच माणसात मजूर, कारखाना आणि निवडणूक बसवायची किमया आमच्या जिल्ह्यानं पाहिली आहे.

ह्याच जिल्ह्यानं उलटंही पाहिलं आहे. 1967 साली बीडनं क्रांतिसिंह नाना पाटलांना लोकसभेत पाठवलं. माणूस सातारा भागातला, पक्ष कम्युनिस्ट. 1977 साली गंगाधरअप्पा बुरांडे मार्क्सवादी पक्षाकडून निवडून आले. तेव्हाचे मतदार काही आकाशातून पडले नव्हते. तेच कोरडवाहू, तेच कर्जबाजारी, हंगामाला गाव सोडणारे. म्हणून ‘मराठवाड्याच्या माणसाला पैशाशिवाय मतच टाकता येत नाही’ असं जे पुण्या-मुंबईचे विद्वान लिहितात, त्यांनी हे दोन साल आधी पाठ करावेत.

मग बिघडलं कुठं? वही कल्पित कशी झाली? त्याचा लेखक बीडमध्ये नाही, दिल्लीत आहे.

ऑक्टोबर 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला ह्या खटल्यात निकाल दिला. दिल्लीतल्या 1971 च्या लोकसभा निवडणुकीचं प्रकरण होतं. न्यायालयानं साधी गोष्ट सांगितली : उमेदवारासाठी त्याच्या पक्षानं केलेला खर्चही, उमेदवाराला तो चालत असेल तर, त्याच्याच वहीत मांडायचा. नाहीतर मर्यादेला अर्थ काय? महिनाही उलटला नाही, इंदिरा गांधींच्या सरकारनं अध्यादेश काढला, मग कायदा केला, आणि ठरवलं की पक्षानं आणि मित्रमंडळींनी केलेला खर्च उमेदवाराचा धरायचा नाही. एका स्पष्टीकरणानं अख्खी वही मोकळी केली. 2003 साली ही पळवाट अरुंद केली, पण बुजवली नाही. उमेदवारावर मर्यादा आहे. ती 2014 ला लोकसभेसाठी 70 लाख झाली, 2022 ला मोठ्या राज्यांत 95 लाख. पण पक्षानं किती उधळावेत ह्याला मर्यादाच नाही. म्हणजे दाराला कुलूप आणि भिंतच नाही असं हे घर आहे.

नांदेडात काय झालं तेही नोंदवू. 2009 च्या विधानसभेला तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण भोकरमधून उभे होते. मोठ्या वर्तमानपत्रांत ‘अशोक पर्व’ नावानं पानंच्या पानं स्तुती छापून आली. त्यांच्या वहीत वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींचा खर्च होता 5,379 रुपये. पत्रकार पी. साईनाथांनी हे उघडं केलं. 2014 साली आयोगानं हिशेबावर ठपका ठेवला. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयानं आयोगाची ती कारवाई रद्द केली. निकाल निकालाच्या जागी. आम्ही फक्त आकड्याकडं बघतो. पाच हजार तीनशे एकोणऐंशी. एवढ्या पैशात आमच्यासारख्यांचा एखादा अंक निघतो आणि पोस्टाची तिकिटं उधारीवर आणावी लागतात. 

आता मुद्द्यावर येतो. प्रस्थापित लेखक निवडणुकीच्या पैशाला ‘भ्रष्टाचार’ म्हणतात. तो शब्द आम्हाला पुरत नाही. भ्रष्टाचार म्हटलं की कोणीतरी एक माणूस वाईट ठरतो आणि बाकीचे सुटतात. आमच्याकडं त्याला नेमका शब्द आहे : उचल.

पावसाळ्यात मुकादम येतो. पोरीचं लग्न, दवाखाना, सोयरीक, घराचं पत्र अशा कुठल्याही अडचणीला तो नड भागवतो. हातात रोकड देतो, कागदावर अंगठा घेतो. दिवाळीच्या आगेमागे टोळी कारखान्याला निघते. ती पैसे मिळवायला जात नाही, घेतलेले फेडायला जाते. फिटले नाहीत तर पुढच्या हंगामाला त्याच मुकादमाकडं. उचल घेतलेला माणूस दुसऱ्या टोळीत जाऊ शकत नाही, दराबद्दल तोंड उघडू शकत नाही. 

निवडणुकीचा पैसा म्हणजे हीच उचल. फरक इतकाच की इथं उचल घेणारा उमेदवार आहे आणि देणारा ठेकेदार, बिल्डर, कारखान्याचा चेअरमन, कंपनी. निवडून आला की पाच वर्षं त्याचा हंगाम. तो आमदार होऊन सभागृहात जातो तेव्हा कायदा करायला जात नाही, फेडायला जातो. रस्त्याचं टेंडर, वाळूचा घाट, जमिनीचा अकृषक परवाना, हे त्याचे टन. मुकादम मोजून घेतो. मजुराची उचल मोडायला आपण वेठबिगारी बंदीचा कायदा 1976 साली केला. आमदाराच्या उचलीला मात्र ‘देणगी’ असं सोवळं नाव आहे.

हे नातं महाराष्ट्रानं कोर्टात वाचलं आहे. 1981 साली मुख्यमंत्री अंतुल्यांच्या ट्रस्टांना येणाऱ्या देणग्यांचं प्रकरण फुटलं. सिमेंट टंचाईचे दिवस. 12 जानेवारी 1982 ला न्यायमूर्ती लेंटिन यांनी निकाल दिला : सिमेंटचा कोटा आणि ट्रस्टची देणगी यांचा संबंध आहे. अंतुल्यांना खुर्ची सोडावी लागली. सहकारी साखर कारखान्यांकडून देणग्या घेतल्याचाही आरोप पुढच्या खटल्यात होता. कारखान्याची तिजोरी म्हणजे शेवटी ऊस, आणि ऊस कोणी तोडला हे पुन्हा सांगत नाही.

मग आपल्या साहित्यानं आणि सिनेमानं ह्या उचलीचं काय केलं? मराठीत ह्या विषयावरची दोन नावं कोणीही घेईल, ‘सामना’ आणि ‘सिंहासन’. दोन्ही जब्बार पटेलांचे, दोन्हींची पटकथा विजय तेंडुलकरांची. दिल्लीत तो कायदा वाकवला जात होता त्याच सुमाराला ‘सामना’ तयार झाला. 1975 साली तो बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरचा ‘सिंहासन’ 1979 चा. दोन्ही धाडसाचे आहेत, हे आधी मान्य करतो. साखरसम्राट हा मराठी पडद्यावर माणूस म्हणून उभा राहिला तो निळू फुल्यांच्या हिंदूराव धोंडे पाटलात. त्याआधी आमच्याकडं पाटील होता तो तमाशातला.

पण आमची तक्रार आहे. ‘सामना’त मास्तर पुन्हापुन्हा विचारत राहतो की मारुती कांबळेचं काय झालं. हा प्रश्न महाराष्ट्रात म्हणीसारखा झाला. वर्तमानपत्रांच्या अग्रलेखात आला, विधानसभेतल्या टोमण्यात आला. प्रश्न गाजला, मारुती कांबळे गाजला नाही. आडनाव कांबळे, एकेकाळचा सैनिक, आणि कारखान्याच्या राज्यात नाहीसा झालेला. त्याच्या बाजूनं प्रश्न विचारतो तो बाहेरून आलेला दारुडा मास्तर. प्रेक्षक मास्तरच्या डोळ्यांनी बघतो, हिंदूरावाच्या बोलण्यावर टाळ्या देतो आणि स्वच्छ होऊन घरी जातो. ‘सिंहासन’मध्ये तर कांबळेही नाही. मुख्यमंत्री, अर्थमंत्री, कामगार पुढारी, तस्कर, आणि हे सगळं बघून हताश होणारा पत्रकार दिगू टिपणीस. पैसा वरून दिसतो, मंत्रालयाच्या खिडकीतून. तो खालून कसा दिसतो, म्हणजे ज्याच्या घामातून निघाला त्याला, आणि शेवटच्या रात्री ज्याच्या दारात त्यातला चिमूटभर परत येतो त्याला, हे ह्या कलाकृतींना दिसलं नाही. खिडकी जिथं होती तिथूनच त्यांनी पाहिलं. 

मारुती कांबळे पडद्यावर राहिला असता तर एवढं लिहिलं नसतं. केज तालुक्यातल्या मस्साजोगला 6 डिसेंबर 2024 ला पवनचक्की कंपनीच्या आवारात रखवालदाराला मारहाण झाली. रखवालदार आपल्या समाजातला. दिवस कोणता होता ते बघा. सरपंच संतोष देशमुख मध्ये पडले. 9 डिसेंबरला त्यांचा खून झाला. कंपनीकडून दोन कोटींच्या खंडणीची मागणी ही ह्यामागची गोष्ट, असं तपास यंत्रणेच्या आरोपपत्रात आहे. दोष कोणाचा ते न्यायालय ठरवील, आणि तो पैसा निवडणुकीचा होता असं आम्ही म्हणत नाही. आम्ही एवढंच म्हणतो की जिथं सत्ता आणि पैसा एकमेकांची उचल फेडत राहतात, तिथं फाटकावर उभा असलेला माणूस पहिला मार खातो. मराठा सरपंच त्याच्यासाठी धावला आणि जिवानिशी गेला, हेही आमच्या समीक्षेनं नोंदवलं पाहिजे.

आता पाकिटाबद्दल. पांढरपेशा लेखक दर निवडणुकीनंतर एकच लेख लिहितो : झोपडपट्टीतला माणूस पाचशे रुपयांत मत विकतो, म्हणून लोकशाही बुडाली. ह्या लेखाची चीड येते. पाकीट घेणं चूक आहे, बाबासाहेबांच्या माणसानं तर घेऊच नये. वस्तीत म्हातारी माणसं म्हणतात, ‘त्येचा पैका आपलाच हाय बाप्पा, घ्यावा अन् मत मनानं टाकावं.’ हे समाधान खोटं आहे, कारण ज्यानं पाकीट वाटलं तो निवडून आल्यावर म्हणतो, तुमचं देणं त्या रात्रीच फिटलं. नळ मागायला गेलं की पाकीट आठवण करून देतो. पण न्याय करायचा तर पुरा करा. पाचशेला मत देणारा गुन्हेगार, आणि पाचशे कोटींना धोरण घेणारा देणगीदार?

गावातले प्रतिष्ठित तरी काय करतात ते नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यानं दाखवलं. सरपंचपदाचा लिलाव झाला, बोली दोन कोटी पाच लाखांवर गेली. पैसा देवळासाठी. नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीतही असाच लिलाव झाला. जानेवारी 2021 मध्ये राज्य निवडणूक आयोगानं दोन्हीकडची निवडणूक रद्द केली, हे बरं झालं. पण ‘गावात एकी राहते, भांडणं टळतात’ असं लिलावाचं कौतुक करणारे आजही भेटतात. ज्या देवळाच्या पायरीवर आमचा आजा चढू शकला नाही, त्या देवळासाठी बोली लावायला आमच्यातला कोण उभा राहणार? मत एकच होतं जे त्याचं आणि चेअरमनचं सारखं होतं. लिलावानं तेवढंच काढून घेतलं.

आणि वरचा लिलाव? 2017 च्या वित्त कायद्यानं निवडणूक रोख्यांना वाट करून दिली, जानेवारी 2018 मध्ये योजना लागू झाली. कंपनीनं स्टेट बँकेतून रोखा घ्यायचा, पक्षाला द्यायचा, नाव झाकलेलं. कंपनीनं तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच द्यावं ही जुनी अटही काढून टाकली. 15 फेब्रुवारी 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं योजना घटनाबाह्य ठरवली. तोवर 16 हजार कोटींवर रोखे विकले गेले होते. सगळ्यात मोठा वाटा केंद्रातल्या सत्ताधारी भाजपला. यादी उघडली तेव्हा सगळ्यात मोठा देणगीदार निघाला लॉटरीचा धंदा करणारी कंपनी. गरिबानं दहा-वीस रुपयांचं तिकीट घेतलं, नशीब उघडलं ते पक्षांचं. मजुराची उचल अख्ख्या गावाला ठाऊक असते, कोणी किती घेतली ते पारावर बोललं जातं. पक्षांची उचल मात्र सहा वर्षं गुप्त राहिली. 

आपल्याही घरात बघू. बाबासाहेबांनी 1945 च्या काँग्रेसवरच्या आपल्या ग्रंथात टिळक स्वराज्य फंडाचा हिशेब तपासला आहे. 1921 साली कोटीच्या वर जमलेल्या त्या निधीतून अस्पृश्यांच्या कामाला किती चिमूटभर मिळालं, हे त्यांनी आकड्यांनी दाखवलं. पक्षाचं तत्त्व ओळखायचं तर त्याची वही वाचा, ही समीक्षेची रीत त्यांनी आपल्याला दिली. आपण त्यांची भाषणं पाठ केली, ही रीत विसरलो. त्याच ग्रंथात संयुक्त मतदारसंघातल्या राखीव जागेचा धोका त्यांनी सांगितला : निवडून येणारा आपला, निवडून आणणारे दुसरे. आज राखीव मतदारसंघात अनामत निम्मी आहे, पण खर्चाची मर्यादा तेवढीच, विधानसभेला 40 लाख. हे 40 लाख वस्तीतून उभे राहत नाहीत. मग आमचा उमेदवार चेअरमनच्या ओसरीवर जातो. निळी टोपी त्याची, उचल चेअरमनची. अट्रॉसिटीचा प्रश्न आला की त्याचं तोंड का उघडत नाही, ह्याचं उत्तर तिथं आहे. आमच्या पुढाऱ्यांनी 1957 च्या रिपब्लिकन पक्षाचे इतके गट केले. प्रत्येक गटाच्या वहीत कोणाची शाई आहे हे आपण कधी विचारलं?

कांशीरामांनी 1988 साली अलाहाबादच्या पोटनिवडणुकीत मतासोबत माणसाकडून नोटही मागितली. ह्यात शहाणपण होतं : ज्यानं रुपया दिला तो हिशेब विचारतो आणि मतही विकत नाही. त्याच पक्षाच्या नेत्याच्या गळ्यात 2010 साली लखनौला नोटांचा प्रचंड हार पडला. एका रुपयापासून त्या हारापर्यंतचा प्रवास आपल्यातल्या कोणीतरी लिहिला पाहिजे, वैऱ्यांनी लिहायच्या आधी.

सुधारणा काय करायच्या ते गुपित नाही. 1990 ची गोस्वामी समिती, 1998 ची इंद्रजित गुप्ता समिती, दोन्हींनी सरकारी खर्चानं उमेदवाराला मदत द्यायची बाजू मांडली. ते अहवाल धूळ खातात. आमचं मागणं त्यापुढे साध्या माणसाला कळेल असं आहे. पक्षाच्या खर्चाला मर्यादा घाला. देणारा कोण, किती, ते मतदानाच्या आधी जाहीर करा, निकालानंतर नव्हे. प्रत्येक उमेदवाराची वही रेशनच्या यादीसारखी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. बिंदुसरेच्या धरणाशेजारच्या आमच्या पालीत किती जीपा फिरल्या, किती जेवणावळी झाल्या हे दिल्लीच्या निरीक्षकाला दिसत नाही, पालीच्या माणसाला दिसतं. त्याला ती वही वाचू द्या. खरा समीक्षक तोच आहे.

आणि लिहिणाऱ्या दोस्तांना सांगणं : गरिबी, भूक, अपमान ह्यावर आपण लिहिलं, ते लिहायलाच हवं होतं. आता पैशावर लिहा. मुकादमाची डायरी, कारखान्याचा ताळेबंद, उमेदवाराची वही हे आपले पोथी-पुराण समजून वाचा, आकड्याला आकडा लावून बघा. मास्तरनं विचारलेला प्रश्न अजून उभा आहे. ह्या वेळी तो मारुती कांबळेच्या घरातनं विचारला गेला पाहिजे, आणि प्रश्नाबरोबर हिशेबही मागितला गेला पाहिजे.

— पाली, जि. बीड